बिबट्या दिसला, आता काय? ऊसपट्ट्यातल्या गावांसाठी कामाची पद्धत

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, अकोले, संगमनेर, सिन्नर, निफाड. या पट्ट्यात कुणी 'वाघरू आलंय' म्हणून सांगत आलं, तर ते बहुतेक वेळा आधीपासून तिथेच असतं, त्या दिवशी दिसलं एवढंच. उसात जन्मलेली, उसातच वाढलेली आणि डोंगरातलं जंगल कधी न पाहिलेली बिबट्यांची पिढी इथे आहे. अकोले तालुक्यात ट्रॅप कॅमेरे (समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे) लावून झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ प्रौढ बिबटे निघाले, आणि तो सगळा भाग शेतीचा आणि वस्त्यांचा होता.

म्हणून 'बिबट्या घालवायचा कसा' याचं उत्तर या लेखात शोधू नका. तो रात्री आपल्या बांधावरून जाणार हे धरून घर, गोठा, शाळा, ऊसतोड आणि गावातली माणसं कशी सांभाळायची, एवढंच इथे आहे.

आधी खात्री

फोन आला की पहिला प्रश्न 'कुठे?' नसावा, 'कुणी पाहिला?' असावा. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला त्याच्याशीच बोला. 'मेव्हण्याने सांगितलं' इथे बातमी संपते. रानमांजर, वाघाटी (ठिपक्यांचं छोटं रानटी मांजर), तरस, कोल्हा, उदमांजर आणि अंधारात पिवळं कुत्रं हे सगळे बॅटरीच्या झोतात बिबट्या होतात. विचारायचं ते एवढंच: शेपूट किती लांब होती? बिबट्याची शेपूट जवळजवळ जमिनीला टेकते आणि टोकाला वर वळते. रानमांजराची आखूड असते, तरसाची झुपकेदार. पाठ मागे उतरती होती का? मग ते तरस.

ठसा मिळाला तर काम सोपं. बिबट्याच्या ठशात चार बोटं आणि मागे तीन फुगवटे असलेली गादी दिसते. नखं उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात प्रत्येक बोटापुढे नखाचा टोचा असतो. मोठ्या बिबट्याचा ठसा ७ ते ९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे काडेपेटीच्या लांबीच्या दीडपटीच्या आसपास. ठशाशेजारी काडेपेटी ठेवा, मोबाईल सरळ वर धरून फोटो काढा आणि ठशावर घमेलं पालथं घालून वर दगड ठेवा. वनरक्षक येईपर्यंत दव, कुत्री आणि पाहायला येणाऱ्यांच्या चपला या तिन्हींपासून ठसा वाचतो. हे घमेल्याचं काम क्षुल्लक वाटतं, पण सकाळी आठपर्यंत ठसा पुसला गेला की 'होता की नव्हता' या वादात दिवस जातो.

मोबाईलवर फिरणारा व्हिडिओ हा पुरावा नाही. दुसऱ्या जिल्ह्यातले, जुने आणि आता संगणकाने बनवलेलेही बिबटे 'आपल्या गावात आत्ताच' म्हणून फिरतात. मूळ फोटो ज्याच्या मोबाईलवर आहे तो माणूस समोर आल्याशिवाय तो गटावर पुढे पाठवायचा नाही, हा नियम ग्रामसभेतच करून टाका.

गावाचं पथक आणि एक वही

८ ते १० जणांचं पथक पुरतं. सरपंच आणि पोलीस पाटील असतातच, पण खरा उपयोग दूध संकलन केंद्रावरच्या माणसाचा होतो. पहाटे पाचला कुठल्या वस्तीवरून कोण किटली घेऊन निघतं आणि आज कोण आलं नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्याच्या जोडीला वायरमन, आशा सेविका, एक शिक्षक, एखादा ट्रॅक्टरवाला आणि मळ्यांकडच्या वस्त्यांवरचा प्रत्येकी एक माणूस घ्या. बाई असणं आवश्यक आहे. गवत कापायला, सरपणाला आणि पाण्याला बायका जातात, आणि कुठल्या वाटेवर काय दिसतं ते त्या पुरुषांआधी ओळखतात.

सामान: चांगल्या झोताच्या ४ बॅटऱ्या, २ शिट्ट्या, एक हातातला भोंगा, ५० मीटर जाड दोर, दोरखंडाने विणलेली एक मजबूत बाज आणि वही. बाज कशाला, ते विहिरीच्या भागात येईल.

वहीत रकाने मोजके ठेवा. तारीख, वेळ, जागा (गट नंबर किंवा मळ्याचं नाव), काय पाहिलं, कुणी पाहिलं, कुठून कुठे गेला, सोबत पिल्लं होती का, पुरावा काय. दोन महिन्यांत या वहीतून ओढ्याचा कुठला उतार, कुठला पूल आणि किती वाजता हे आपोआप दिसायला लागतं. वनखात्याकडे ट्रॅप कॅमेरा मागायला गेलात तर 'कुठे लावू?' हा पहिला प्रश्न येतो, आणि वही असेल तर त्याचं उत्तर तयार असतं.

खात्री झाल्यावर गटावर जाणारा निरोप ठरलेल्या साच्यातच जावा. उदाहरणार्थ: 'ता. १४, रात्री ८.४०. ओढ्याकडून थोरल्या मळ्याकडे. एक बिबट्या, पिल्लं नाहीत. मुलं आणि कुत्री आत घ्या. कुणीही पाहायला जाऊ नका.' शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. ते नसेल तर पंधरा मिनिटांत तिथे २० मोटारसायकली उभ्या असतात.

कुठल्या बातमीला किती हालचाल

नुसता रस्ता ओलांडताना, बांधावर किंवा भिंतीवर बसलेला दिसला: नोंद करा, निरोप द्या, बास. पिंजरा मागू नका. माणूस पाहून तो बाजूला झाला असेल तर त्याचं वागणं ठीक आहे.

कुत्रं किंवा शेळी नेली: वनरक्षकाला त्याच दिवशी कळवा, पंचनामा करून घ्या, आणि त्या वस्तीवरच्या सगळ्या गोठ्यांची त्याच आठवड्यात तपासणी करा. जिथे एकदा सहज मिळालं तिथे तो परत येतो. बहुधा दोन-तीन रात्रींतच येतो.

भर दिवसा वस्तीत पुन्हा पुन्हा दिसतोय, माणूस ओरडला तरी उठत नाही, शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आसपास घुटमळतोय: ही खरी धोक्याची पायरी. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या, वहीच्या नोंदींची झेरॉक्स जोडा, कॅमेरे आणि रात्रीची गस्त मागा. वनखात्याचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. तोंडी तक्रार केली तरी तिची तारीख आणि वेळ वहीत लिहा.

माणसावर झेप घेतली: त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या की घोटाळा होतो. रस्ता ओलांडणाऱ्या बिबट्यासाठी गाव पेटतं, आणि शाळेजवळ तीन वेळा दिसलेल्याकडे 'इथे असतोच की' म्हणून दुर्लक्ष होतं.

समोरासमोर आला तर

पळायचं नाही, पाठ करायची नाही, वाकायचं नाही. उभं राहा, हात वर करा, खांद्यावरचं घोंगडं किंवा टॉवेल पसरवा, मोठ्याने बोलत एकेक पाऊल मागे घ्या. त्याच्या मागे मोकळी वाट असू द्या. लहान मूल सोबत असेल तर त्याला उचलून घ्या, पण नजर बिबट्यावर ठेवून गुडघ्यात बसत उचला, कमरेतून वाकू नका. बसलेला, वाकलेला माणूस आणि लहान मूल त्याला उंचीने भक्ष्यासारखी वाटतात. गवत कापणाऱ्या बायकांवर आणि उघड्यावर शौचाला बसलेल्यांवर हल्ले होतात ते यामुळेच. गवत कापताना दोघींनी मिळून जावं, एकीने उभं राहून मोबाईलवर गाणी मोठ्याने लावावीत. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात वाटले गेलेले खिळ्यांचे गळपट्टे अशा वाकून करायच्या कामांसाठी आहेत. धनगर आपल्या कुत्र्यांना लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, त्याचीच ही माणसांसाठीची आवृत्ती. पण पट्टा आहे म्हणून एकटीने जाणं नको.

गर्दी

सगळ्यात जास्त माणसं जखमी होतात ती इथे. बिबट्या दिवसा उसात, झाडावर किंवा पडक्या घरात अडकलेला असतो, भोवती हजार माणसं, हातात दगड आणि मोबाईल. त्याला पळायला वाट राहत नाही, आणि मग तो गर्दीतूनच वाट काढतो.

घराच्या खोलीत किंवा गोठ्यात शिरला असेल तर बाहेरून दार ओढून कडी लावा आणि तिथून हला. खिडकीतून पाहू नका. खिडकीला तावदानं असतील तर तो तिथूनच बाहेर उडी मारेल. माणसांना २०० मीटर मागे घ्या. पोलिसांना ११२ वर बोलवायचं ते बिबट्यासाठी नसतं, गर्दीसाठी असतं. फटाके, दगड, ड्रोन, भोवती फिरणारा ट्रॅक्टर यांतलं काहीही नको.

उसात किंवा झाडावर असेल तर अंधाराची वाट पाहा. ज्या बाजूला ओढा किंवा दुसरा ऊस आहे ती बाजू पूर्ण मोकळी सोडा, तिकडचे दिवे बंद करा. अंधार पडल्यावर तासा-दोन तासांत तो निघून जातो. दिवसभर गाव ताटकळतं, लोकांना हा उपाय मिळमिळीत वाटतो, पण माणसं शाबूत राहतात ती यानेच.

बेशुद्धीचं इंजेक्शन मारायचं ठरलं तर ते पशुवैद्यकाचं काम. इंजेक्शन लागलं की जनावर तिथल्या तिथे कोसळतं, हा टीव्हीवरचा समज. प्रत्यक्षात औषध चढायला १० ते १५ मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात बिथरलेला बिबट्या कुठेही धावतो. म्हणून इंजेक्शन मारल्यावर गर्दी पुढे सरकणं हा सर्वांत वाईट क्षण.

विहिरीत पडला तर

कठडा नसलेल्या विहिरीत बिबटे नेहमी पडतात. पाण्यात पोहून तो तासाभरात दमतो. दोराला बांधलेली बाज चारही कोपऱ्यांतून तोल सांभाळत पाण्यावर सोडा. तिच्यावर चढून तो बसतो आणि दम खातो. एवढं झालं की गावाचं काम संपलं. वनखात्याची माणसं पिंजरा किंवा शिडी सोडतात. कुणीही खाली उतरू नये, आणि शिडी लावून 'येईल वर' असं म्हणत काठावर कोंडाळं करू नये. तो वर येतोच, आणि वर आल्यावर समोर जो असेल त्याच्या अंगावरून जातो. बिबट्या बाहेर काढल्यावर त्याच महिन्यात त्या विहिरीला तीन फुटांचा कठडा बांधून घ्या.

गोठा

खर्च करायचा तर इथे. पिंजरा मागण्यात घातलेला जोर गोठ्यात घातला तर वस्तीवरच्या निम्म्या तक्रारी मिटतात.

उदाहरण म्हणून १० शेळ्यांचा गोठा घेऊ. १० बाय १२ फुटांची जागा पुरते. खाली तीन फूट विटांची किंवा दगडाची भिंत, त्यावर छपरापर्यंत साखळी जाळी, दोन इंची भोकाची. कोंबड्यांसाठी मिळणारी बारीक षटकोनी जाळी वापरू नका, एका पंजात फाटते. जाळी लोखंडी अँगलच्या (उभ्या पट्ट्यांच्या) बाहेरच्या बाजूने बसवा. बिबट्या बाहेरून रेटतो, तेव्हा जाळी अँगलवर दाबली जाते आणि अँगल तिला धरतो. आतून बसवलेली जाळी तारा तुटून आत पडते. दर फुटावर तारेचा पीळ द्या. जिथे भिंत नाही तिथे जाळी एक फूट जमिनीत गाडा.

बहुतेक गोठ्यांची चूक भिंतीत नसते, भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये असते. हवा खेळावी म्हणून तिथे दीड-दोन फुटांची फट सोडलेली असते, आणि गोठा चांगला पक्का असला तरी बिबट्या तिथूनच आत उतरतो. आठ-दहा फूट उंची त्याला अडवत नाही. हवा हवीच, म्हणून फट बुजवू नका, तिला जाळी मारा. पत्रे हुकबोल्टने कसलेले आहेत का ते वर चढून पाहा. नुसते दगड ठेवलेले पत्रे तो सरकवतो.

दाराखालची फट चार इंचांपेक्षा कमी हवी. कडी वर आणि अडसर खाली, दोन्ही. तारेने गुंडाळलेली कडी म्हणजे उघडं दार. चारा खायची जागा जाळीपासून दोन फूट आत ठेवा, नाहीतर पंजा आत घालून तो शेळीला जखमी करतो. असं जनावर वाचत नाही आणि 'बंद गोठ्यातून गेलं' म्हणून गोठ्यावरचा विश्वासही जातो.

मोठ्या गाई-म्हशींच्या वाटेला तो सहसा जात नाही, वासरांच्या जातो. वासरू रात्री आत, गाय बाहेर चालेल. नुसता बल्ब लावून काम होत नाही. चार-आठ दिवसांत त्याला उजेडाची सवय होते.

मेंढपाळांच्या वाड्याला पक्का गोठा शक्य नाही. तिथे वाघर (मेंढ्यांभोवती लावायची दोरीची जाळी) दुहेरी लावा, मेंढ्या मध्ये, आणि माणसांची, विशेषतः मुलांची, पथारी कडेला नको. वाडा उसाला लागून लावू नका. शेतमालक खतासाठी वाडा बसवून घेतो तेव्हा जागा तोच ठरवतो, म्हणून हे त्यालाच सांगायला हवं.

तो वस्तीजवळ का येतो

अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्यांच्या विष्ठा तपासल्या तेव्हा खाद्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला, मांजरांचा १५. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा ११ टक्क्यांवरच होता, कारण शेळ्या रात्री बांधलेल्या असतात आणि कुत्री मोकाट. म्हणजे गावात बिबट्या किती यायचे हे बऱ्याच अंशी मोकाट कुत्री ठरवतात, आणि कुत्री किती हे उकिरडा ठरवतो.

पोल्ट्रीवाल्यांचा विषय ग्रामसभेत स्पष्ट काढायला हवा. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकणं सगळीकडे चालतं. चार-पाच फूट खोल खड्डा, कोंबड्यांवर चुना, वर माती आणि तोंडावर झाकण, ही अट पाळणं अवघड नाही. मटणाच्या दुकानाचा आणि ढाब्याचा कचराही त्याच हिशेबात. कुत्र्यांची नसबंदी पंचायतीने पशुसंवर्धन विभागाबरोबर लावून धरावी. मारून टाकणं बेकायदा आहे आणि जागा रिकामी झाली की नवी कुत्री येतात.

राखणीचं कुत्रं ओट्यावर साखळीने बांधणं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं. रात्री त्याला आत घ्या.

घराभोवतीचं पीकही पाहा. घराच्या भिंतीला लागून ऊस नको. १०-१५ मीटर पट्ट्यात कांदा, भुईमूग, मेथी असं गुडघ्याखालचं पीक घ्या. घाणेरी आणि वेडी बाभूळ वाढलेली असेल तर शाळेच्या आणि पाणवठ्याच्या वाटेवर ती आधी काढा. शौचालय घरापासून लांब असेल तर वाटेवर दिवा लावा.

पिंजरा लावा, ही मागणी

बिबट्याला पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे. पण कायद्यापेक्षा मोठी अडचण अशी की पिंजऱ्यात तोच बिबट्या येतो असं नाही. पिंजऱ्यातल्या शेळीला त्या रात्री जो जवळ असेल तो येतो. पकडलेला लांब सोडला की त्याची जागा दुसरा घेतो, बहुधा नवखा, स्वतःचा इलाका शोधणारा तरुण नर, ज्याला इथल्या वाटा आणि माणसांच्या वेळा ठाऊक नसतात.

जुन्नर विभागात याची जबर किंमत मोजली गेली आहे. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा सुरू झाला, आणि १९९३ ते २००१ दरम्यान वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले २००१ ते २००३ या काळात वर्षाला १७ वर गेले. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून, रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' नावाचा नर महिन्याच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या बाजूला पोचला. 'लांब नेऊन सोडा' यात लांब म्हणजे किती, हे त्याने दाखवून दिलं.

माणसावर हल्ला झाला असेल तर पिंजऱ्याची मागणी रास्त आहे. तेव्हा सोबत हेही मागा: हल्ल्याच्या ठिकाणचे ठसे, जखमेवरची लाळ आणि पकडलेलं जनावर यांचा मेळ घातला गेला का. अन्यथा एक बिबट्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातो, गाव निर्धास्त होतं आणि हल्ला करणारा बाहेरच राहतो.

फासे आणि कुंपणातला करंट यांचा उल्लेख करायलाच हवा. डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्याचा पाय अडकतो, तो तार तोडून निघतो आणि लंगडा होतो. शिकार न जमणारा लंगडा बिबट्या वस्तीला सगळ्यात धोकादायक. करंटने तर दरवर्षी माणसंही मरतात.

ऊसतोड आणि बछडे

दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस झाली की तोडीचा हंगाम तोंडावर येतो, आणि बछडे सापडण्याचा हंगामही तोच. मादीला एका वेळी दोन-तीन पिल्लं होतात आणि वाढलेल्या उसाइतकी शांत जागा तिला दुसरी नाही.

तोड सुरू करण्याआधी फडाच्या एका कडेने डबे वाजवत, बोलत फेरी मारा. तोड एकाच बाजूने सुरू करा, ओढ्याची किंवा शेजारच्या उसाची बाजू शेवटपर्यंत राहू द्या. चारही बाजूंनी तोडत आत जाणं आणि ऊस पेटवणं, दोन्हीत मादी आत कोंडली जाते. टोळ्या पहाटे अंधारात फडावर उतरतात. उजाडेपर्यंत थांबायला मुकादम तयार नसतो, कारण गाड्यांचा नंबर लागलेला असतो. इथे कारखान्याच्या शेतकी विभागानेच वेळ ठरवून द्यायला हवी. कोप्या (तोडणी कामगारांच्या झोपड्या) उसापासून किमान ५० मीटर लांब, मोकळ्या जागेत, दिव्याखाली. आई-बाप फडात असताना लहान मुलं कोपीत किंवा बांधावर एकटी असतात, त्यांच्यासाठी एक मोठं माणूस दिवसभर हवं. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या या कुटुंबांना इथले इशारे मिळत नाहीत. पथकाने पहिल्याच दिवशी मुकादमाचा नंबर गटात घ्यावा.

पिल्लं दिसली की कोयते थांबवा. हात लावू नका, फोटोसाठी मांडीवर तर मुळीच घेऊ नका. मादी जवळच असते. सगळे माघारी घ्या, तेवढा तुकडा तोडायचा ठेवा आणि वनरक्षकाला कळवा. आधी ती बिबट्याचीच आहेत का ते बघा. वाघाटीची आणि रानमांजराची पिल्लं दर हंगामात 'बछडे' म्हणून उचलली जातात आणि आईविना मरतात. बिबट्याचं पिल्लू धुरकट रंगाचं, दाट काळ्या ठिपक्यांचं असतं. ओळख पटली नाही तरी नियम एकच, जागेवर राहू द्या.

कुणी आधीच उचलून आणली असतील तर त्याच संध्याकाळी परत भेट घडवायची. पशुवैद्यक पिल्लं तपासतात. मग हातमोजे घालून ती भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवायची, क्रेट सापडलेल्या जागीच ठेवायचा, दुसऱ्या शेतात नाही. वर झाकण असं की मादीने पंजाने ढकललं तर सरकेल, पण पिल्लांना आतून उघडता येणार नाही. समोर ट्रॅप कॅमेरा लावायचा, आणि दिवे, माणसं, कुत्री सगळं लांब. मादी अंधारात येते, क्रेट कलंडवते, मानेला धरून एकेक पिल्लू नेते. एक नेलं आणि एक राहिलं म्हणून धावू नका, ती परत येते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीही तिथेच ठेवायचं. पिल्लं नाहीशी झालेली मादी दोन-चार दिवस त्या परिसरात चिडून हिंडते. शेजारच्या वस्तीला तेवढे दिवस जपायला सांगा.

रात्रीचं पाणी

शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली की माणूस एकटा, वाकून, बारे धरत (सरीत पाणी वळवत) उसात असतो. बिबट्याच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचं काही नाही. दिवसा वीज मिळण्यासाठीचा ग्रामसभेचा ठराव बिबट्याच्या नोंदींसह महावितरणला आणि वनखात्याला, दोघांनाही द्या. तोपर्यंत दोघांनी जावं, काठीला घुंगरू बांधावं, डोक्याला बॅटरी लावावी, रेडिओ किंवा मोबाईल वाजत ठेवावा. मोटारीला ऑटो स्टार्टर असेल तर निम्म्या फेऱ्या वाचतात.

मुलांच्या बाबतीत सूट नाही. संध्याकाळी सहानंतर १२ वर्षांखालचं मूल अंगणातसुद्धा एकटं नको. शाळा सुटल्यावर वस्त्यांकडे जाणारी मुलं गटाने, सोबत मोठं माणूस.

माणसावर हल्ला झाला तर

आधी जखमी. बहुतेक जखमा मानेवर आणि डोक्यावर असतात. स्वच्छ कापडाने दाबून धरा, १०८ बोलवा, गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. रक्तस्राव आटोक्यात असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, तंबाखू, चुना काही नको. दवाखान्यात धनुर्वात आणि रेबीज, दोन्हींची लस आणि खोल जखमेसाठी रेबीजचं सीरम मागून घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात सीरम आहे का, हे पथकाने आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेलं असावं.

मृत्यू झाला तर गाव भडकणार. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तिघांचे बळी गेले, तेव्हा लोक महामार्गावर उतरले. तो राग खोटा नव्हता. पण रात्री काठ्या-कुऱ्हाडी घेऊन उसात शिरण्याने आणखी एक माणूस जातो. त्या रात्री पथकाचं काम एकच: सगळ्यांना घरात ठेवणं, घटनास्थळ न तुडवता राखणं आणि वनाधिकाऱ्यांना तिथपर्यंत सुरक्षित पोचू देणं. मागण्या लेखी, सकाळी.

भरपाई

सध्याच्या दरांनुसार मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये. गाय, म्हैस किंवा बैलासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार यांतलं जे कमी असेल ते, शेळी-मेंढीसाठी ७५ टक्के किंवा १५ हजार यांतलं कमी.

दावे अडकतात ते तीन कारणांनी. ४८ तासांत वनखात्याला कळवलेलं नसतं. मेलेलं जनावर जागेवरून हलवलेलं किंवा पुरलेलं असतं. किंवा पशुवैद्यकाच्या दाखल्यात मृत्यूचं कारण मोघम लिहिलेलं असतं. म्हणून जनावर तसंच ठेवा, वर ताडपत्री टाका, गळ्यावरच्या दातांच्या खुणांचे जवळून आणि संपूर्ण जागेचे लांबून फोटो काढा, फरफटीच्या वाटेचाही काढा. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्या: जनावराचं वय, गाभण होतं का, दूध किती देत होतं, हे त्यात आलं पाहिजे, कारण बाजारभाव त्यावरच ठरतो. आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स त्याच वेळी द्या आणि पोच घ्या. अर्धवट खाल्लेल्या जनावरावर विष टाकलं तर तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, किमान ३ वर्षांची शिक्षा, आणि ते विष पहिल्यांदा गावातल्या कुत्र्यांच्या पोटात जातं.

पंचनामा संपला की जनावर खोल पुरा, आणि त्याच दिवशी, उजेड असतानाच, पथकातल्या दोघांनी त्या वस्तीवरच्या प्रत्येक गोठ्याची कडी बाहेरून जोर लावून हलवून पाहावी.